सीमोल्लंघनाची कारणे

आज दसरा. सोयाबीनची सोंगणी उरकत आली आहे. कुठे गंज्या लागल्या आहेत, कुठे मळणीयंत्राच्या धुळीने रस्त्याकडेच्या बाभळी पांढुरक्या झाल्या आहेत. कपाशीची पहिली बोंडे फुटू लागली आहेत आणि वेचणी कधी लागते, बाया किती मिळतात, भाव काय निघतो, याचा हिशेब घराघरांत सुरू झाला आहे. मूर्तिजापूरच्या बाजारात झेंडूचे ढीग सकाळपासून पडले आहेत, आणि आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्याही खपत आहेत; हे विकणाऱ्याला ठाऊक असते तसे घेणाऱ्यालाही असते, पण सणाच्या दिवशी कोणी वाद घालत नाही. स्टेशनावर नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांना पांढऱ्या वस्त्रांतल्या माणसांची गर्दी आहे, कारण आजच अशोक विजयादशमीही आहे आणि दीक्षाभूमीची ओढ या लोहमार्गाला दरवर्षी लागते. संध्याकाळी आपण शिवेपर्यंत जाऊ, सोने लुटून घरी येऊ, दारात ओवाळून घेऊ, थोरांच्या हातावर पाने ठेवून पाया पडू.

या चालण्यात आता कोणाला तलवारीची आठवण होत नाही. एके काळी मात्र याच दिवसाची फौजा वाट पाहत. पाऊस सरला, नद्या उतरल्या, घोड्यांना चारा झाला की दसऱ्याचा मुहूर्त साधून मुलूखगिरी सुरू होई आणि पुढले सहा-आठ महिने कोणाच्या तरी शिवारातून टापांची धूळ उठत राही. मोहीम गेली आणि सण उरला, हे आपले भाग्यच म्हणायचे. सणानेही त्या जुन्या रिवाजातले नेमके शहाणपणाचे तेवढे जपून ठेवले: शिव ओलांडायची ती परत घरी येण्यासाठी, आणि आणायचे ते झाडाचे पान.

जगाच्या पाठीवर परक्यांच्या सीमा ओलांडणे मात्र थांबलेले नाही, आणि ओलांडणारे सरकार आजवर विनाकारण गेल्याचे ऐकिवात नाही. कारण सांगितलेच जाते. मित्राला वाचवायचे असते, शेजारच्या घरात तिसऱ्याच कोणा शत्रूने ठाण मांडलेले असते, बोलणी करून करून थकलेले असतात. आपल्या वऱ्हाडच्या मातीनेही असे एक जाहीर कारण ऐकले आहे. ज्या लढाईने आणि ज्या तहांनी या मुलखाचा धनी बदलला, ती लढाई आपल्या जिल्ह्यात झाली आणि ते तह शेजारच्या जिल्ह्यात लिहिले गेले. तरी ते कारण खरे होते की खोटे हे तपासण्याचे काम आपण शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींवर सोपवून मोकळे झालो आहोत. वर्षाचा हिशेब मांडायच्या या दिवशी ते काम थोडे पुढे न्यावे म्हणतो.

ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. पेशवा दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत त्याने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. कंपनीची तैनाती फौज ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलायचे नाही, असा तो तह. मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या आडोशाने बाजीराव पुण्यात परतला. ज्याच्या नावाने आपण मसलती करतो त्याचीच मुखत्यारी गहाण पडली, हे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना कळायला वेळ लागला नाही. दोघेही फौजा घेऊन मलकापूरच्या बाजूला, निजामाच्या सरहद्दीजवळ एकत्र आले.

कंपनी सरकारची कारणे इथून सुरू होतात. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली कलकत्त्यात आणि त्याचा धाकटा भाऊ आर्थर दख्खनच्या फौजेवर. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने लढायचे, अशी ती जोडी. त्यांचे म्हणणे असे की निजाम आणि पेशवा हे आमचे मित्र आहेत, त्यांच्या दाराशी दोन बलाढ्य फौजा उभ्या आहेत, तेव्हा मित्ररक्षण हे आमचे कर्तव्य होय. शिवाय शिंद्यांच्या पदरी पेराँ नावाचा फ्रेंच सेनापती आहे, यमुनाकाठचा सुपीक मुलूख आणि कवायती पलटणी त्याच्या हाती आहेत, युरोपात फ्रान्सशी युद्ध पुन्हा जुंपले आहे. म्हणजे हिंदुस्थानच्या काळजात हे एक फ्रेंच राज्यच वाढते आहे. आणि एवढे असूनही आम्ही सलोखाच मागितला, टाळाटाळ तुम्ही केली. ६ ऑगस्टला आर्थर वेलस्लीने शिंद्यांना कळवून टाकले की युद्ध तुम्ही निवडले आहे, परिणामांची जबाबदारी तुमची.

हे सगळेच थोतांड होते असे म्हणणे आपल्याला सोयीचे आहे, पण ते खरे ठरणार नाही. निजामाला मराठ्यांचे भय वाटावे याला आठ वर्षांपूर्वीची खर्ड्याची लढाई पुरेशी होती. शिंदे-भोसल्यांची बोलणी होळकरांशीही चालू होती आणि त्यांचा रोख कोणावर, हे सांगायला ज्योतिषी नको. इंग्रज वकील कॉलिन्स याने सरळ विचारले तेव्हा दौलतरावांनी उत्तर दिले की रघूजींची भेट झाल्यावर युद्ध की सलोखा ते सांगू. दरबारी तऱ्हेने वेळ काढायला हे उत्तर ठीक होते. हाती कागद घेऊन बसलेल्या शत्रूपुढे मात्र ते आयते कोलीत ठरले. पण ही फौज उभी होती ती परक्याच्या मुलखात शिरून नव्हे, आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी माघार घेऊ, तुम्ही आपल्या ठाण्यांवर परता, आम्ही आमच्या वाटेने मागे फिरतो, असा प्रस्तावही मराठ्यांकडून गेला होता. तो कंपनीला मान्य झाला नाही. झाला असता तर कारण संपले असते.

आणि कारण संपणे परवडणारे नव्हते, हे दुसऱ्या एका कागदावरून दिसते. युद्ध पुकारण्याच्या आधीच, २७ जुलैला, लॉर्ड वेलस्लीने उत्तरेतल्या सेनापती लेकला या युद्धात काय साधायचे ते लिहून कळवले होते. पेराँची फौज मोडायची हे त्यात होतेच. पण यमुनेपर्यंत कंपनीची सरहद्द नेणे, दिल्लीच्या बादशहाला आपल्या छायेखाली आणणे, बुंदेलखंड घेणे, हेही होते. पाहुणा जेवायला बसण्याआधीच त्याच्या खिशात घराचा नकाशा सापडावा, असा हा प्रकार.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटाने १७८४ च्या कायद्यात स्पष्ट लिहून ठेवले होते की हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याच्या आणि राज्य वाढवण्याच्या योजना या राष्ट्राच्या इच्छेला, इभ्रतीला आणि धोरणाला विरुद्ध आहेत. कायदा चांगलाच होता. त्याने मुलूखगिरी थांबली नाही, तिची भाषा तेवढी बदलली. जिंकणे निषिद्ध झाले तेव्हा प्रत्येक जिंकणे हे स्वसंरक्षण म्हणून लिहावे लागले, आणि त्यासाठी पत्रे, खलिते, इशारे, मुदती यांची एवढी मोठी फाइल तयार झाली की आजही इतिहासकार तिच्यातून वाट काढत आहेत. इतके करूनही विलायतेत सगळ्यांची खात्री पटली नाही. वसईच्या तहाने आपण मराठ्यांच्या अखंड भांडणात अडकलो, अशी शंका खुद्द मंत्री कॅसलरे यानेच घेतली, आणि १८०५ मध्ये वेलस्लीला परत बोलावले गेले. मुलूख मात्र कोणी परत बोलावला नाही.

ज्या मित्राच्या रक्षणासाठी तलवार उपसली तो निजाम अलीखान हैदराबादेत वारला तो दिवस ६ ऑगस्टचाच. मित्र बदलला, कारण तेच राहिले. फ्रेंच भयाचे म्हणाल तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अलीगड पडले आणि पेराँने इंग्रजांकडूनच वाटेचा परवाना मागून घेतला. जन्मभर कमावलेली माया घेऊन तो पुढे फ्रान्सला निघूनही गेला. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. म्हणजे मित्राच्या सरहद्दीवरचा धोका सरला होता, यमुनाकाठचे फ्रेंच राज्यही मावळले होते. तरी फौज थांबली नाही. ती घाट उतरून वऱ्हाडात आली.

अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला दुपार कलताना तिथल्या मोकळ्या रानात भोसल्यांची फौज, रघूजींचे धाकटे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखाली, तोफा मांडून उभी होती. सोबत शिंद्यांचे स्वार होते. शिंद्यांशी आठवडाभरापूर्वीच तहकुबीचा करार झाला होता. पण ठरल्या जागी ते गेले नाहीत, तेव्हा करार लागू नाही, असे म्हणून वेलस्लीने चाल केली. पहिल्या तोफांच्या माऱ्याने इंग्रजांच्या काही पलटणी बिचकून मागे आल्या, हे त्याच्या स्वतःच्याच लिखाणात आहे. त्याने त्या पुन्हा उभ्या केल्या आणि सूर्यास्तापर्यंत निकाल लागला. ३८ तोफा त्याच्या हाती पडल्या. त्या रात्री चांदणे होते, आणि त्या चांदण्यात इंग्रजी घोडदळाने पळणाऱ्यांचा पाठलाग कोसच्या कोस केला. कोणाच्या ज्वारीतून, कोणाच्या कपाशीतून तो पाठलाग गेला असेल, याची नोंद लढाईच्या वृत्तांतात असण्याचे कारण नाही. ते वर्षच दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचे. पीक होते तिथे फौज गेली, आणि फौज गेली तिथे पुढल्या साली बी उरले नाही.

त्यानंतर गाविलगड. किल्लेदार बेनीसिंग शेवटपर्यंत लढला आणि गडावरच पडला. १५ डिसेंबरला गड गेला. दोन दिवसांनी, १७ तारखेला, देवगावच्या छावणीत भोसल्यांचा तह झाला आणि ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगाव इथे शिंद्यांचा. आज पानमळ्यांसाठी आणि पानपिंपरीसाठी ओळखले जाणारे आपले हे अंजनगाव त्या दिवशी दिल्लीचा धनी कोण हे ठरवत होते, हे तिथल्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या कोणाला सांगितले तर तो हसण्यावारी नेईल. शिंद्यांचे वकील विठ्ठलपंत यांनी वाटाघाटीत असा काही कस लावला की पुढे युरोपातल्या टालेराँचे नाव निघाले तेव्हा, तो विठ्ठलपंतासारखाच, पण तितका हुशार नव्हे, असे वेलस्ली म्हणाल्याचे सांगतात. हुशारीने तोफा परत येत नाहीत, एवढेच.

आता हे तह कारणांच्या शेजारी ठेवून वाचावेत. मित्ररक्षण आणि फ्रेंच भय यांच्यासाठी झालेल्या युद्धाने कंपनीला गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच आणि अहमदनगर मिळाले. भोसल्यांकडून कटक आणि बालासोर मिळाले, म्हणजे बंगालपासून मद्रासपर्यंतचा किनारा सलग झाला. त्या किनाऱ्यावर पेराँची सावलीही कधी पडली नव्हती. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे आपले वऱ्हाड, निजामाला दिला गेला. जिथे पूर्वी निजाम आणि भोसले यांची दोअमली होती तिथे एकट्या निजामाचा अंमल आला. जाहीर कारणे फौज निघताना लिहिली जातात आणि फौज थांबते तेव्हा तह लिहिला जातो. या दोहोंत जेवढे अंतर, तेवढे कारण खोटे, असे आमचे मत आहे. १८०३ च्या कारणांत सत्याचा अंश होता. त्या अंशासाठी असईनंतर बोलणी पुरेशी होती. अडगावची लढाई, गाविलगडाचा तट आणि कटकचा किनारा या गोष्टी त्या अंशात बसत नाहीत, म्हणून हे आक्रमण समर्थनीय नव्हते.

वऱ्हाडचे पुढे काय झाले हे आपल्या घराघरांत माहीत आहे, तरी थोडक्यात सांगायला हवे. निजामाने मुलूख इजारदारांच्या हवाली केला. इंग्रजांनी निजामाच्या खर्चाने जी फौज पोसायला लावली तिच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड गहाणवट म्हणून कंपनीकडे आले. मित्राला बक्षीस दिलेला मुलूख पन्नास वर्षांत, एकही गोळी न झाडता, मित्राच्याच कर्जात वळता झाला. १९०२ मध्ये सालाना २५ लाखांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला गेला. तोवर आपला कापूस मँचेस्टरच्या ओळखीचा झाला होता, आणि मूर्तिजापूर जंक्शनवरून एका अंगाने यवतमाळकडे आणि दुसऱ्या अंगाने दर्यापूर-अंजनगावमार्गे अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची शकुंतला एका विलायती कंपनीने त्या कापसासाठीच घातली. आता ती गाडी बंद आहे. रुळांत गवत वाढले आहे, फाटकांपाशी डांबराने रूळ झाकून टाकले आहेत, आणि ब्रॉडगेजची मागणी करणारी निवेदने दर निवडणुकीत नव्याने टाइप होतात. १९३६ मध्ये हैदराबादच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. त्या राजपुत्राचे आणि आपल्या कोरडवाहू वावराचे नाते तेवढ्या कागदापुरतेच.

इथवर सांगताना आपली छाती थोडी भरून येते, कारण या गोष्टीत आपण पीडित आहोत. पण दसऱ्याला हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडावा लागतो. देवगावच्या तहात भोसल्यांनी गमावलेले कटक त्यांच्या हाती आले कसे? १७४२ मध्ये पहिल्या रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले. कारण त्यांच्याकडेही होते, आणि त्याला कागदही होता: बंगालच्या चौथाईचा हक्क. तो हक्क बादशहाकडून शाहू छत्रपतींना आणि त्यांच्याकडून रघूजींना, अशी त्याची परंपरा सांगितली जाई. नवाब अलिवर्दीखान चौथाई देत नाही, म्हणून स्वारी. त्या साली आश्विनात भास्करपंतांनी गंगेच्या काठी काटव्याजवळ मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली. नवमीच्या पहाटे अलिवर्दीने अचानक छापा घातला आणि पूजा अर्धी टाकून मराठ्यांना निघावे लागले. दोन वर्षांनी मानकरा या ठिकाणी भेटीस बोलावून नवाबाने भास्करपंतांची आणि त्यांच्या सरदारांची दगाबाजीने हत्या केली. आपल्या बखरींना तो दगा नीट आठवतो.

बंगालला आठवते ते निराळे. वऱ्हाड-नागपुराकडून आलेल्या स्वारांना तिथे बर्गी म्हणत, आणि त्यांच्या भीतीचे अंगाईगीत बंगाली आया आजही गातात. कलकत्त्याच्या लोकांनी वर्गणी काढून शहराभोवती खंदक खणला, तो मराठा खंदक. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ रचले. त्यात गावे जाळण्याची, बायकांवरच्या अत्याचारांची, घरदार डोक्यावर घेऊन पळणाऱ्या साध्या माणसांची वर्णने आहेत. आणि भास्करपंतांनी जिची पूजा मांडली ती देवीच अखेरीस त्यांच्यावर रुसली, असे तो कवी सांगतो. अखेर १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाख चौथाई आणि ओरिसाचा वसूल भोसल्यांना मिळाला. वर लावलेले माप इथेही लावले पाहिजे. चौथाईचा हक्क क्षणभर मान्य केला, तरी तो नवाबाच्या खजिन्यावरचा होता. बर्दवानच्या विणकराने तो आपल्या घराच्या राखेतून का फेडावा, याचे उत्तर त्या सनदेत नाही. नागपूरकर भोसल्यांविषयी आपल्याला असलेला जिव्हाळा हे उत्तर शोधायला मदत करणार नाही.

स्वतंत्र भारतानेही सीमा ओलांडल्या. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची हैदराबादची कारवाई आपल्या वऱ्हाडाच्या अगदी दाराशी घडली. तिकडून रझाकारांच्या जाचाने आलेली माणसे उमरखेडसारख्या सीमेवरच्या गावांनी सांभाळली होती, त्यामुळे कारण खरे होते याची साक्ष इथल्याच माणसांनी दिली असती. पण कारवाईनंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले त्याची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने अनेक दशके कुलपात ठेवला, हेही त्याच हिशेबात धरायला हवे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा पाश्चात्त्य राष्ट्रांनी आक्रमण म्हणून ओरड केली, सुरक्षा समितीत रशियाच्या नकाराधिकाराने ठराव पडला. पण १६ जानेवारी १९६७ ला गोवेकरांना मतपेटीतून विचारले गेले, आणि त्यांनी महाराष्ट्रात येण्यास नकार दिला. तो नकार आपल्याकडे अनेकांना झोंबला, आणि पाळला गेला. १९७१ मध्ये पूर्व बंगालात गेलेली फौज मार्च १९७२ पर्यंत परत आली. जाण्याच्या वेळी सांगितलेल्या कारणापेक्षा हे परत येणे जास्त बोलके आहे.

बाहेरच्या जगाकडे नजर टाकली की वेलस्लीची फाइल पुन:पुन्हा उघडल्यासारखी वाटते. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने परराष्ट्रावर बळ वापरणे निषिद्ध केले आणि स्वसंरक्षणाचा अपवाद ठेवला. तेव्हापासून स्वारी करणारे प्रत्येक सरकार त्या अपवादाच्या फटीतून जायला बघते. असई-अडगावला बरोबर दोनशे वर्षे होत असताना, मार्च २००३ मध्ये, अमेरिका आणि ब्रिटन इराकवर चालून गेले. कारण होते महासंहारक शस्त्रांचे. शस्त्रे सापडली नाहीत. ब्रिटनच्याच चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये, शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्धाचा मार्ग धरला गेला, असा निष्कर्ष काढला. तोवर बगदादमध्ये एक अख्खी पिढी स्फोटांच्या आवाजात वाढली होती. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा त्याला युद्ध म्हणायचीच बंदी झाली, विशेष लष्करी कारवाई म्हणायचे. तिथल्या रशियन भाषकांचे रक्षण हे कारण, आणि प्रांतच्या प्रांत आपल्यात सामील केल्याची घोषणा हा त्याचा शेवट, तोही त्याच वर्षाच्या सप्टेंबरात. कारण आणि तह यांच्यातले अंतर मोजायला इथे दुर्बीण लागत नाही.

या सगळ्यांत एक राजा वेगळा उभा आहे, आणि आजच्या दिवसाला त्याचे नाव आहे. अशोकाने कलिंग जिंकला. कलिंग म्हणजे तोच कटक-पुरीकडचा मुलूख, ज्यासाठी पुढे भोसलेही गेले आणि इंग्रजही. आपल्या तेराव्या शिलालेखात अशोक स्वारीचे कारण सांगतच नाही. कलिंगाने आगळीक केली, मित्र संकटात होते, बोलणी फसली, यातले एक अक्षर नाही. तो सांगतो ते आकडे: दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली, त्याहून किती तरी अधिक मेली, आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो. जिंकलेल्याने स्वतःच्या हाताने मांडलेला असा हिशेब जगाच्या इतिहासात दुर्मीळ. मात्र ज्या कलिंगात हे घडले तिथल्या धौली आणि जौगडच्या खडकांवर हा तेरावा लेख नाही. तिथे त्याऐवजी अधिकाऱ्यांना न्यायाने वागा, प्रजा माझी लेकरे आहेत, असे बजावणारे स्वतंत्र लेख आहेत. घाव घातला त्यालाच घावाचा आकडा वाचून दाखवायला त्यालाही जड गेले असेल, किंवा तिथे पश्चात्तापापेक्षा चांगल्या कारभाराची गरज जास्त आहे असे वाटले असेल. मुलूख त्यानेही परत केला नाही, ही खोच राहतेच. तरी १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, नागपुरात बाबासाहेबांनी बुद्धाची वाट धरली तेव्हा विजय या कल्पनेचे जे वजन बदलले ते आज आपल्या स्टेशनावरून जाणाऱ्या पांढऱ्या गर्दीत दिसते. दर वर्षी लाखो माणसे सीमा ओलांडून जातात आणि दुसऱ्या दिवशी पुस्तके घेऊन परत येतात.

आपले कर्तव्य काय, हे विचारताना आम्हाला दापुऱ्यात वाढलेले गाडगेबाबा आठवतात. त्यांच्या कीर्तनात उपदेश थोडा आणि प्रश्न फार असत. समोर बसलेल्या माणसालाच ते विचारत, त्याच्याच तोंडून उत्तर काढत आणि त्या उत्तरावर पुढला प्रश्न घालत. सरकारे कारणे सांगतील. देशप्रेमाच्या भरात ती कारणे गोडही लागतील. अशा वेळी काम साधेच असते: हे झाले की परत याल ना, हे विचारायचे, आणि उत्तर लिहून ठेवायचे. फौज निघण्यापूर्वी हा प्रश्न कोणी विचारला तर तो देशद्रोही ठरतो आणि वीस वर्षांनी विचारला तर इतिहासकार. वर्तमानपत्रांनी पहिल्या प्रकारचा धोका थोडा जास्त पत्करायला हवा; त्यात आम्हीही आलो.

दिवाळीनंतर शाळांच्या सहली निघतील, आणि मूर्तिजापूर-दर्यापूरकडची मुले नेहमीप्रमाणे अंजनगावावरून चिखलदऱ्याला जातील, भीमकुंड बघतील, गाविलगडाच्या दरवाजापाशी फोटो काढतील. गुरुजींनी आणि बाईंनी यंदा एवढे करावे. गडावर सावली बघून मुलांना बसवावे आणि तीन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवाव्यात: जुलै १८०३ मध्ये लेकला लिहिलेल्या पत्राचा आशय, डिसेंबरातल्या दोन्ही तहांची कलमे, आणि गंगारामाच्या काव्यातले बर्गींचे वर्णन. सातवी-आठवीच्या मुलांना हे जड जाईल असे वाटत असेल तर एकदा वर्गात धुऱ्याच्या भांडणाचा विषय काढून बघावा. कोण कोणत्या निमित्ताने दुसऱ्याच्या वावरात शिरतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. मराठीतून हे तिन्ही कागद सुबोध करून द्यायला अकोला आणि अमरावतीच्या महाविद्यालयांतले इतिहासाचे प्राध्यापक पुढे आले, तर छापायची जबाबदारी आम्ही घेऊ. सहली डिसेंबरात निघतात. हाती दोन महिने आहेत.